९२ आणि +९२

मोबाईल येण्याआधी रविवारी एसटीडी बूथसमोर आम्हा जवानांची रांग लागायची. पुढचा कोणता कोड फिरवतो यावरून गाववाला सापडायचा. ०२१६२ फिरवला की सातारा, ०२३१ कोल्हापूर, ०७१२ नागपूर. नाव-गाव विचारायची गरजच नसे.

त्या आकड्यांना हिशेब होता. पहिलं शून्य म्हणजे कॉल गावाबाहेर जायचा आहे, हे एक्सचेंजला सांगणं. पुढे शहराचा कोड : दिल्ली ११, मुंबई २२, कोलकाता ३३, चेन्नई ४४. कोड आणि नंबर मिळून आकडे दहाच. म्हणून मुंबईला दोन अधिक आठ, तर लेहला (१९८२) चार अधिक सहा.

मोबाईललाही दहाच आकडे, पण त्यात गाव नाही. सुरुवातीचे आकडे फक्त कंपनी आणि सर्कल सांगत. बीएसएनएलचा ९४२२ महाराष्ट्राचा, ९४१९ जम्मू-काश्मीरचा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, २०१५ पासून सर्कलसुद्धा. आता नंबर मूळचा कुठला एवढंच कळतं. माणूस कुठे आहे ते नाही.

हे पुराण लावायचं कारण घरच्यांसाठी आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आमच्या तुकडीतला सातारकडचा एक पोरगा राजौरीला नवा आला, तेव्हा त्याचा फोन असाच बंद पडला. बायकोचे दिवस भरलेले. त्याने सोबत्याच्या पोस्टपेड फोनवरून घरी कॉल केला. तो नंबर ९२ ने सुरू होणारा. ‘९२ चा कॉल पाकिस्तानचा, उचलू नका’ असा मेसेज घरी आलेला होता. आईने तीन दिवस कॉल कापला. मुलगी झाल्याचं बापाला चौथ्या दिवशी कळलं, तेही शेजाऱ्याच्या फोनवर.

आईचं काही चुकलं नाही. सावध राहा असंच आपण त्यांना सांगतो. फक्त फरक समजावून सांगायला हवा. अधिकचं चिन्ह असेल तर त्याच्या लगेच पुढचे आकडे देशाचे : +९१ भारत, +९२ पाकिस्तान. चिन्ह नसलेला, ९२ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर आपलाच. तोच कधी +९१ ९२... असा दिसेल, तरी भारतीयच. मात्र नंबर भारतीय दिसला म्हणून बोलणारा खरा, असंही नाही. पैसे, ओटीपी किंवा पोराच्या युनिटचं ठिकाण विचारलं, की फोन ठेवायचा. आणि अनोळखी +९२ उचलायचाच नाही.

सुट्टी संपवून निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन सोबत्यांचे नंबर लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. आईला चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.

जय हिंद.