रोज एकच शॉट!

राहायला वाशिंद, नोकरी मुंबईत. सीएसएमटीपासून अंतर साधारण ८० किलोमीटर. कसारा लोकल चुकली, की पुढच्या गाडीपर्यंत बसा टाइमपास करत! त्यामुळे माझं एडिटिंग गाडीतच चालतं. मोबाइलवर, तेही बसायला जागा मिळाली तर.

यंदा ठरवलं होतं, गावाबाहेरच्या भातखाचरांवर छोटीशी फिल्म करायची. आवणीपासून कापणीपर्यंत. पण शूटिंगला वेळ फक्त रविवारी, आणि रविवारी दळण, बिलं, आईचा दवाखाना... आवणी हुकलीच. 'तुझ्या कामांपायी राहिलं सगळं,' असं आईला बोलून बसलो. ती गप्प राहिली. ते जास्त लागलं.

मग दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली त्यांनी घरातच वाटाण्याचं रोप लावून, रोज थोडं थोडं चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) बनताना सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई बघायच्या. फाळके आपल्याला पाठ असतात. त्यांचं स्वयंपाकघर कुणाच्या लक्षात असतं?

आता रोज स्टेशनवर जाताना खाचराशी थांबतो. एकच शॉट, वीस सेकंद. भात पोटरीला आलंय. काल मात्र पहिला शॉट घरातच घेतला, पहाटे डबा भरणाऱ्या आईचा.

"अरे, मला काय घेतोस? गाडी जाईल!" म्हणाली, आणि हळूच पदर सारखा केला.

गाडी गेलीच. पण शॉट सॉलिड आलाय!