पेडलची मोकळीक

पनवेल हें गांव खाडीच्या दमट हवेंत वाढलेलें आणि सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेलें. आगगाडी १८६३ मध्यें बोरघाट चढूं लागली. त्यापूर्वीं मुंबईचा उतारू मचव्यांतून पनवेलच्या बंदरास लागे आणि तेथून १८३० मध्यें खुल्या झालेल्या घाटाच्या सडकेनें पुण्यास जाई. बंदराची ती गजबज गेली, २००२ मध्यें द्रुतगतिमार्ग पुरा झाला. परंतु घाट आहे तेथेंच आहे, आणि मोटारीनें तो उतरतांना माणसाचा सारा भरंवसा उजव्या पायाखालच्या चार बोटें रुंदीच्या एका पट्टीवर असतो. त्या पट्टीविषयीं, म्हणजे ब्रेकच्या पेडलविषयीं, चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. मी यंत्रज्ञ नव्हे. माझें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेलें. तथापि ज्या घरांत मोटार आहे त्या घरांतील निदान एका माणसास एवढें ठाऊक असावें, म्हणून हा खटाटोप.

पेडल बोटानें हलकेंच दाबून पाहिलें तर पहिलें थोडेंसें अंतर तें रिकामेंच जातें, आणि मग प्रतिकार लागतो. या रिकाम्या अंतराला कारागीर ‘प्ले’ म्हणतात. आपण मोकळीक म्हणूं. पुष्कळ मालकांना ही मोकळीक म्हणजे ढिलाई वाटते, आणि ती काढून टाकण्याचा त्यांचा आग्रह असतो. वस्तुतः ती मुद्दाम ठेवलेली असते. पेडलमागें एक कांडी असते. ती मास्टर सिलिंडरमधील दट्ट्याला पुढें ढकलते, दट्ट्या ऑइल दाबतो, आणि तो दाब नळ्यांतून चारी चाकांपर्यंत पोंचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित पास्कल याचा सिद्धांत येथें राबत असतो. पाय उचलला कीं दट्ट्या मागें सरतो, आणि तो पुरता मागें गेला तरच त्याच्या तोंडाशीं असलेलें एक अगदीं बारीक छिद्र उघडें होतें. तापून फुगलेलें ऑइल त्या छिद्रावाटें वरच्या डब्यांत परत जातें. मोकळीक मुळींच ठेवली नाहीं तर कांडी दट्ट्याला किंचित् पुढें रेटूनच धरते, छिद्र झांकलेलें राहतें, आणि ऑइलला परतीची वाट उरत नाहीं. मग पाय उचललेला असतांहि ब्रेक चाकांना धरून राहतात. दाबानें घर्षण, घर्षणानें उष्णता, उष्णतेनें ऑइल आणखी फुगतें, आणि पुनः दाब! न्यायशास्त्रांत अन्योन्याश्रय नांवाचा दोष सांगितला आहे. त्याचें इतकें झणझणीत उदाहरण मला वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें.

तें सांपडलें खोपोलीस. १९९१ च्या मे महिन्यांत पुतणीच्या लग्नाकरितां आम्ही पुण्यास निघालों होतों. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतों, गाडी चालवीत होते. शेजारीं मी, मागें अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, वहिनी आणि दोन मुलें. गाडी जुनी, चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. पेडल फार खोल जातें अशी अण्णांनीं आठवड्यापूर्वीं तक्रार केली होती, आणि एका दुरुस्तीवाल्यानें नुसती कांडी फिरवून तें असें उंच व ताठ करून दिलें होतें कीं पाय टेकतांच ब्रेक लागावा. अण्णा खूष होते. चौक मागें पडलें तेव्हां मात्र ते म्हणाले, “आज हिला कोणी मागून ओढतंय कीं काय?” थोड्या वेळानें वहिनी मागून म्हणाल्या, “भावजी, काहीतरी करपतंय हो.” स्वयंपाकघरांत जन्म काढलेल्या माणसाचें नाक अशा वेळीं यंत्रापेक्षां खरें. आईला मात्र वाटलें कीं जवळपास कोणाचें तरी जेवण लागलें आहे.

घाटाच्या तोंडाशीं एका लहानशा गॅरेजपाशीं गाडी उभी केली. चाकांजवळ हात नेववेना. चहावाल्याचा पोऱ्या पाण्याची बादली घेऊन धांवत आला, तों म्हातारा मिस्त्री त्याच्यावर खेंकसला. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलें तर तो तडकतो. मग तो चारी चाकांभोंवतीं फिरला आणि म्हणाला, “एकच चाक तापलं असतं तर चाकात बघितलं असतं. चारी तापलीत, म्हंजे खोड वरती आहे.” एवढ्या थोड्या शब्दांत एवढा नेमका तर्क मीं मोठमोठ्या सभांतूनहि क्वचितच ऐकला आहे. त्यानें मागच्या चाकाचें निपल जरासें सैल केलें. पेडलवर कोणाचा पाय नव्हता, तरी ऑइलची चिळकांडी उडाली, आणि हटून बसलेली गाडी एका हातानें ढकलली जाऊं लागली. निपल कसून त्यानें कांडीचा नट सोडला, कांडी थोडी मागें घेतली आणि मला बोटानें पेडल दाबावयास लावलें. अण्णा कुरकुरले कीं हें तर पुनः ढिलें झालें. मिस्त्री म्हणाला, “साहेब, एवढं पेडल रिकामंच गेलं पाहिजे. तेवढं तुमचं नाही, गाडीचं आहे.”

मूळची तक्रार अर्थातच परत आली: पेडल खोल जाऊं लागलें. तिचें कारण चाकांत होतें. आंतले ब्रेक-शू झिजून ड्रमपासून दूर गेले होते, आणि तें अंतर भरून काढण्यांत पेडलची निम्मी धांव खर्ची पडत होती. चाकें निवाल्यावर मिस्त्रीनें एकेक शू जवळ आणून दिला, कमी झालेलें ऑइल भरलें, आणि मोकळीक राहूनहि पेडल वर आलें. कांडी फिरविण्यास पांच मिनिटें पुरतात आणि या कामास तास लागतो, म्हणून कांडी फिरविण्याचा मोह कारागिराला होतो. घाट चढतांना आम्ही कदाचित् निभावलोंहि असतों. पण दोन दिवसांनीं त्याच ब्रेकवर, आईला घेऊन, तो उतरावयाचा होता. ब्रेक अति तापले म्हणजे नळींतल्या ऑइलला उकळी फुटते आणि वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढें पोंचवीत नाहीं, आणि पेडल सरळ तळाला जातें. सीमांतपूजनास आम्ही दीड तास उशिरां पोंचलों. त्यावरून विहीणबाईंनीं पुढें कित्येक वर्षें ऐकविलें, तो विषय निराळा.

तेव्हांपासून पेडलची कुरकुर मी लक्ष देऊन ऐकतों. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या दाबाला वर येणारें पेडल बहुधा शू दूर गेल्याचें सांगतें. स्पंजासारखें लिबलिबीत लागलें तर नळींत हवा शिरली आहे, ती काढवून घ्यावी. एकसारखा पाय ठेवला असतां तें हळूहळू खालीं बसत असेल तर मात्र एक मैलहि जाऊं नये. ऑइल कोठें तरी गळतें आहे, नाहींतर मास्टर सिलिंडरचें रबर आंतल्या आंत सोडतें आहे. आणि दगडासारखें ताठ झालें तर बूस्टरकडे पाहावें. त्याची परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चारपांच वेळां दाबावें, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावें, पेडल पायाखालीं किंचित् खचलें तर बूस्टर धड आहे. मोकळीकहि इंजिन बंद असतां, असेंच चारपांच वेळां दाबून झाल्यावर, बोटानें पाहावी. ती किती मिलिमीटर असावी तें गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें.

नव्या गाड्यांची कांडी घरीं फिरविण्याच्या फंदांत कोणी पडूं नये. मात्र पेडलच्या वर मागचा तांबडा दिवा लावणारें एक बटण असतें. तें जागा चुकून बसलें तर पेडल पुरतें परत येत नाहीं आणि ब्रेक चाकांना धरतात. रात्रीं गाडी भिंतीपुढें उभी असतां पाय काढल्यावरहि भिंतीवर तांबडा उजेड राहिला, तर ओळखावें. पेडलखालीं गोळा झालेली सतरंजी आणि गडगडत आलेली पाण्याची बाटली यांना तर कोणताच कारागीर पुरा पडणार नाहीं. तें घरच्यांनींच पाहावयाचें.

आम्हां पनवेलकरांना विशेष जपावयाचें तें ऑइलला. ब्रेकचें ऑइल हवेंतली ओल शोषून घेतें, आणि आमच्याकडे ओलीला काय तोटा! डॉट ४ जातीचें ऑइल कोरें असतां निदान २३० अंशांपर्यंत उकळतां कामा नये असा नियम आहे. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डब्यांत भर घालून पातळी राखली म्हणजे झालें असें समजणारे पुष्कळ आहेत. पण भर घातल्यानें आंतलें पाणी जात नाहीं, सारें ऑइलच बदलावें लागतें. उतरतांना ब्रेकवर पाय ठेवून बसूं नये, हेंहि त्याचसाठीं. घाटांत शिंगरोबाच्या देवळापाशीं गाडीवाले नाणें टाकतात. तें अवश्य टाकावें, आणि गिअरहि खालचा टाकावा.

आतां गाडी पुतण्या चालवितो. दर दोन वर्षांनीं, पावसाळा सरला कीं, तो ऑइल बदलून घेतो. मागल्या खेपेस काढलेलें ऑइल त्यानें बाटलींत भरून मला दाखविण्यास आणलें. कोऱ्या चहासारखें काळपट दिसत होतें. वहिनींनीं ती बाटली ओट्यावरून उचलावयास लावली आणि तारीख स्वतःच्या हातानें भिंतीवरच्या पंचांगावर लिहून ठेवली.