वीस-वीस सेकंदांचं आकाश

अमावास्येला घराबाहेर पडू नये, असं सासूबाई अजूनही म्हणतात. सूनबाई मात्र जानेवारीतच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत साऱ्या अमावास्यांभोवती पेनाने गोल काढते आणि पावसाळ्यातल्या चार लगेच खोडून टाकते. उरलेल्यांपैकी शनिवार-रविवारला लागून येतात तीन, फार तर चार. पुण्यातल्या एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या या बाईचं छायाचित्रणाचं वर्ष एवढंच.

सामानही मोजकंच. १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण, ध्रुवाकडे रोखता येणारा हलका माउंट, त्याच्या एकाच अक्षाला लावलेली मोटर आणि भावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा. पहिल्याच रात्री कळलं की कॅमेरा लावला की फोकसच लागत नाही. फोकसरची नळी पूर्ण आत ढकलली तरी तारा बशीएवढा. अशा स्वस्त दुर्बिणी डोळा लावून बघण्यासाठी बेतलेल्या असतात. कॅमेऱ्याचा सेन्सर पोटात खोल बसलेला, तिथपर्यंत प्रतिमा पोहोचतच नाही. शेवटी मागचे स्क्रू काढून, त्यांच्या जागी लांब स्क्रू घालून तिने मुख्य आरसाच थोडा पुढे सरकवला. हॉबीची सुरुवात अशी हार्डवेअरच्या दुकानातून झाली.

तिचे पहिले धडे सोसायटीच्या गच्चीवरचे. “ताई, चंद्र दिसतोय का?” वॉचमनकाका विचारायचे. “आज चंद्र नाही म्हणूनच आलेय, काका.” गच्चीवर लिफ्टची मोटर सुरू झाली की तारे थरथरायचे, आणि ध्रुव समोरच्या इमारतीमागे दडलेला. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. युरोपातल्या हौशी मंडळींना तो छान उंचावर मिळतो, आपल्याकडे त्याच्या आड झाड, डोंगर, नाहीतर पाण्याची टाकी ठरलेलीच.

मोटर नसती तर हा खटाटोप व्यर्थच होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला पंधरा विकला सरकतो. तिच्या दुर्बिणीतून कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये जेमतेम १.३६ विकला मावतात, म्हणजे एका सेकंदात तारा अकरा पिक्सेल पुढे. मोटर त्याचा पाठलाग करते, पण स्वस्त गिअरची चाल अडखळती, आणि ध्रुवाकडे रोख थोडा चुकलेला असतोच. कॅमेरा तीस सेकंद उघडा ठेवला की निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये ताऱ्यांचे तांदळाचे दाणे होतात. वीस सेकंदांना बरेचसे तारे गोल राहतात. हा वीसचा आकडा तिने कुठे वाचलेला नाही. तिच्या माउंटचा तो स्वभाव आहे, आणि तो कळायला एक हिवाळा गेला.

ती ज्याच्या मागे असते, त्या मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो निघाला तो ३० सप्टेंबर १८८० रोजी. न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन इथे हेन्री ड्रेपर यांनी अकरा इंची दुर्बिणीवर काचेची प्लेट लावली आणि ५१ मिनिटं तिच्यावर प्रकाश पडू दिला. १८८२ मध्ये त्यांनी तीच मुदत १३७ मिनिटांवर नेली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या ईलिंगमधल्या आपल्या बागेत अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने त्याच तेजोमेघाचा फोटो घेतला, आणि त्यात डोळ्यांना कधीच न दिसलेले तारे उमटले. या मंडळींना एकच प्लेट, एकच संधी. मधेच वारा आला, यंत्र अडकलं की रात्र गेली.

इथे उलट आहे. सासवडच्या पलीकडे मावसभावाचं शेत आहे. पुण्याचा उजेड वायव्येला राहतो, दक्षिण बरी असते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला मृग माथ्याच्या थोडा दक्षिणेला येतो. हरणाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच्याजवळच धुरकट दिसणारा एक ठिपका. तो तेजोमेघ सुमारे तेराशे प्रकाशवर्षं दूर आहे. एका रात्री तिने त्याच्या वीस सेकंदांच्या तीनशे फ्रेम घेतल्या. कॅमेरा आपोआप खटखटत होता, तिने थर्मासमधला चहा संपवला आणि कोल्ह्यांची ओरड ऐकली. दव पडू लागलं तसा दुर्बिणीच्या दुय्यम आरशावर घाम आला, तो केस वाळवायच्या ड्रायरने उडवला. दोन विमानं गेली, आणि उपग्रहांच्या रेघा किती, ते मोजणं तिने सोडून दिलं आहे.

घरी आल्यावर निवड. ताणलेले तारे बाद, वाऱ्याने हललेली फ्रेम बाद, ढगाचा पदर आलेली बाद. तीनशेतल्या उरल्या २१२. म्हणजे ७० मिनिटं आणि ४० सेकंद. ड्रेपर यांच्या पहिल्या प्लेटपेक्षा वीसेक मिनिटं जास्त, फक्त तुकड्यातुकड्यांनी.

हे तुकडे एकावर एक रचणं म्हणजे स्टॅकिंग. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येतो, म्हणून तो सरळ बेरजेने वाढतो. खरखर दर वेळी वेगळी, ती एकमेकींना खात खात फक्त वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. त्यामुळे २१२ फ्रेमचं चित्र एका फ्रेमच्या साडेचौदा पट स्वच्छ. उपग्रहाची रेघ एखाद-दुसऱ्याच फ्रेममध्ये असते, इतर दोनशे फ्रेम तिला बहुमताने हाकलून देतात. मग एक-एक सेकंदाच्या हजारो फ्रेम का नकोत? कारण प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर आपला टोल घेतो, थोडी खरखर स्वतःची मिसळतो. अंधाऱ्या आकाशाखाली हा टोल जाणवतो. शहरात आकाशाच्याच उजेडाची खरखर इतकी असते की टोलचं काही वाटत नाही.

बेरजेआधीची दोन कामं नवखे लोक टाळतात आणि मग रडतात. पहिलं, दुर्बिणीवर झाकण लावून तेवढ्याच वीस सेकंदांच्या, तेवढ्याच थंडीतल्या काळ्या फ्रेम, म्हणजे ‘डार्क’. त्यातून सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल ओळखू येतात. दुसरं काम पहाटेचं. कॅमेरा न हलवता दुर्बिणीच्या तोंडावर नवऱ्याचा जुना पांढरा बनियन ताणून बांधायचा आणि फटफटीत उजाडू लागलेल्या आकाशाचे फोटो घ्यायचे, म्हणजे ‘फ्लॅट’. सेन्सरजवळच्या काचेवरची धूळ चित्रात मेदूवड्यासारखी भोकाची वर्तुळं पाडते, ती याने जातात. बनियन कुठे गेला, हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

एवढं करून स्क्रीनवर जे येतं ते काळंच असतं. प्रकाश आहे, पण तळाशी दबलेला. तो वर ओढताना खरी परीक्षा होते. सहज जमेल तितकं ओढलं तर तेजोमेघाचं मधलं काळीज पांढरंफटक पडतं आणि तिथले ट्रॅपेझियमचे चार तारे बुडून जातात. त्यांच्यासाठी ती तीन-तीन सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेते आणि मध्यभागी त्या जोडते. रंगाचाही प्रश्न आहेच. डोळ्याला हा मेघ राखाडी-हिरवट दिसतो, कॅमेऱ्याला गुलाबी. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर बराचसा अडवतो, म्हणून काहीजण तो फिल्टर काढून टाकतात. तिने काढला नाही. घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ तिच्या कॅमेऱ्यात म्हणूनच एक संशय एवढाच राहिला आहे. मात्र रंगाचा स्लायडर जिलबीपर्यंत नेणाऱ्यांशी तिचं पटत नाही. सासूबाईंनी एकदा विचारलं, “हे खरंच असं दिसतं?” तिने आधी एक सुटी फ्रेम दाखवली, मग बेरीज केलेली. सासूबाईंना सुटीच आवडली. “यात निदान रात्र आहे,” त्या म्हणाल्या.

सात जूनच्या आसपास मृग लागतो. सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून आकाशातलं हरीण दिवसा उगवून दिवसाच मावळतं. नळीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुर्बीण कपाटात जाते, नाहीतर आरशाला बुरशी धरते. मग ती जुनी हार्ड डिस्क काढते. गेल्या हिवाळ्यातल्या २१२ फ्रेममध्ये या वर्षीच्या २६० मिसळते आणि संगणक रात्रभर चालू ठेवते. बाहेर मृगाच्या सरी. सकाळी मधला भाग पाहून ती खूश होते, मग उजवा कोपरा मोठा करून बघते. तिथले तारे अजूनही बारक्या धूमकेतूंसारखे शेपट्या काढून बसलेले असतात.