बर्फातून दूध आणताना

घरातले दूध संपले तर आपण काय करतो? पोराच्या हाती किटली देऊन डेअरीवर पिटाळतो. त्याला कोणी काम म्हणत नाही. लेकीच्या बाळंतपणाला मी एक हिवाळा कॅनडातील माँट्रिऑल शहरी राहिले, तेव्हा हेच काम माझ्या वाट्याला आले. जावई पहाटेच कामावर जात, लेक बाळंतीण, मग जाणार कोण? दुकान दहा मिनिटांच्या वाटेवर. बर्फ पडला की जाऊन यायला तास मोडे. हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना थंड मुलखात नांदतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तिथे जानेवारीत पारा शून्याखाली दहाच्या आसपास असतो, रात्री वीसपर्यंतही उतरतो. हिवाळाभरात पडणारा बर्फ मोजला तर सहा-सात फूट भरतो. आत सुती, त्यावर लोकरीचे, सगळ्यावर वारा अडवणारा जाड कोट, अशी कपड्यांची चळत चढवावी लागते. पातळ नेसून बर्फात चालता येत नाही. मी लेकीची विजार घातली. लाज कसली? खुरपायला जाताना आपण मालकांचा सदरा घालतोच की.

आता चालण्याचे. ताजा भुसभुशीत बर्फ बरा, त्यात बूट रुततो पण माणूस पडत नाही. घात करतो तो वितळून पुन्हा गोठलेला. त्याचा काचेसारखा पापुद्रा होतो आणि वर नवा बर्फ पडला की तो दिसतही नाही. आमच्या शिराळ्याकडे भाताच्या खाचरात जसे चालतो तसे चालायचे : पाऊल लहान, तळवा सपाट, अंग किंचित पुढे. हात खिशात घालायचे नाहीत, तोल जातो. त्या गावात पुष्कळ घरांचे जिने लोखंडी आणि घराबाहेर असतात. तिथे एकेक पायरी कठडा धरूनच उतरावी.

वाट साफ करण्याचे काम नगरपालिकेचे. रस्ते आणि फुटपाथ मिळून दहा हजार किलोमीटरची ही उस्तवार आहे. फुटपाथवरून छोटी यंत्रे फाळ लावल्यासारखी बर्फ बाजूला सारत जातात. मीठ टाकले की बर्फ वितळतो, पण फार कडाक्याच्या थंडीत मिठाचे काही चालत नाही. मग बारीक खडी पसरतात. ढीग उचलायच्या वेळी आधी भोंगा वाजतो, म्हणजे गाड्या हलवा. उचललेला बर्फ कुठे टाकतात? काही गटारात, काही एका जुन्या दगडाच्या खाणीत, आणि खाणीतला तो डोंगर उन्हाळ्यातही पुरता विरत नाही. आपल्याकडे पाणंदीत चिखल झाला की जो तो शेजाऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवतो, ते मला तिथे फार आठवे.

दुधाला तिथल्या फ्रेंच भाषेत ‘ले’ म्हणतात. तेवढा एक शब्द मला पुरला. चार लिटरची मोठी पिशवी, तिच्यात तीन लहान पिशव्या. एकेक काढून जगात उभी करायची आणि कोपरा कापायचा. तिथल्या गोठेवाल्याला किती दूध घालायचे याचा कोटा 1970 च्या सुमारापासून ठरवून दिलेला असतो. त्यामुळे दुधाचा महापूर येऊन भाव कोसळत नाही. त्याचे चांगले-वाईट दोन्ही सांगता येईल, पण तो लेख वेगळा.

आमच्या खाली ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्याच राहत. निसरडे झाले की त्या दाराबाहेर पडत नसत. त्या वयात मांडीचे हाड मोडले तर पुन्हा उभे राहणे कठीण, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. एकदा मला पिशवी घेऊन येताना त्यांनी खिडकीतून पाहिले आणि काचेवर टकटक केले. बोलणार काय? त्यांना मराठी नाही, मला फ्रेंच नाही. त्यांनी रिकामा जग दाखवला. त्या दिवसापासून मी त्यांचेही दूध आणू लागले. पैसे त्या नाण्यानाण्याने मोजून हातावर ठेवत, एक पैसा राहू देत नसत. चहाला मात्र बसवून घेत.

मी परत निघाले तेव्हा बर्फ अजून उरला होता. जावयांना म्हटले, “तुमच्या दुधाबरोबर खालच्या आजींचेही आणत जा. आधी काच वाजवा, त्यांना ऐकू कमी येते.” दर शनिवारी ते आणतात, असे लेक फोनवर सांगते.