तालीम आणि विसावा

ख्रिस्ती परंपरेत तपश्चर्येसाठी जो ग्रीक शब्द रूढ झाला, तो मुळात मठातला नव्हे. तो आखाड्यातला आहे. 'आस्केसिस' म्हणजे सराव, विशेषतः मल्लाचा आणि धावपटूचा सराव. पुढे वाळवंटात जाऊन राहिलेल्या संन्याशांनी तो उचलला व उपवास, जागरण, प्रार्थना यांना तेच नाव मिळाले. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला, यात म्हणूनच नवल नाही. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. विजेत्याच्या मस्तकावर चढणारा पानांचा मुकुट थोड्याच दिवसांत सुकून जातो, तरी त्यासाठी तो किती संयम पाळतो, हे श्रोत्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

मल्लाची शक्ती कशी वाढते, याची एक जुनी कथा ग्रीक लोक सांगत. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील क्रोटोन नगरीचा मिलो हा ख्यातनाम मल्ल एक वासरू रोज खांद्यावर उचलून चाले. वासरू वाढत गेले, तसा मिलोही वाढत गेला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले तत्त्व खरे आहे. भार हळूहळू, सोसेल तसा वाढवला की शरीर त्याला उत्तर देते. आपल्याकडील वस्तादांनाही हे ठाऊक होते. कोल्हापूरच्या तालमीत आलेला नवा पठ्ठा पहिल्याच दिवशी हजार बैठका मारीत नाही. जोर, बैठका, गदा, मल्लखांब, हौद्यातील माती उकरणे आणि मग लढत, असा तो चढत जातो. लढत संपल्यावर पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात, मग दूध-बदामाचा खुराक आणि झोप. मेहनत, खुराक आणि आराम ही या शिक्षणाची तीन अंगे आहेत. एक जरी गळाले, तरी उरलेली दोन मल्लाला तारीत नाहीत.

आधुनिक शास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. ते कारण सांगते. कुस्तीची आंतरराष्ट्रीय लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. डाव टाकतानाचा स्फोटक जोर शरीराजवळच्या काही सेकंदांच्या साठ्यातून येतो, तर दोन डावांच्या मध्ये दम परत मिळवणे हृदयाच्या व फुप्फुसांच्या क्षमतेवर अवलंबून असते. म्हणून जड वजने थोड्या वेळा उचलणे, संथ लांब धावणे, आणि लढतीसारखे तीव्र पण तुटक श्रम, यांची आठवडाभरात वाटणी केली जाते. परंतु यांपैकी कोणत्याही श्रमाच्या वेळी शरीर बलवान होत नसते. त्या वेळी ते थकते, स्नायूंचे सूक्ष्म तंतू दुखावतात. बळ येते ते नंतर, अन्न आणि निद्रा मिळाल्यावर. म्हणूनच मोठ्या लढतीपूर्वीच्या दिवसांत जाणते प्रशिक्षक सराव कमी करतात.

हे सारे लिहिण्याचे निमित्त एका मातेचा प्रश्न आहे. तिचा मुलगा बॉक्सिंग खेळतो. मुलगा सालस, निर्व्यसनी. स्पर्धा जवळ आली की तो दोन दिवस जेवण तोडतो, पाणी तोडतो, आणि भर उन्हात प्लास्टिकचे जाकीट घालून धावतो, वजनगटात बसण्यासाठी. रविवारीही त्याला उसंत नसते. तिने विचारले, "फादर, मी त्याला अडवले तर त्याच्या तपश्चर्येत विघ्न आणल्यासारखे होईल का?" मुलगा रविवारी मिस्साला येत नाही ही तक्रार तिने केलीच नाही. तिला भीती होती ती त्याच्या जिवाची.

भीती निराधार नव्हती. 1997 साली नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल याच रीतीने वजन उतरवताना प्राणाला मुकले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाखावर व बाष्पस्नानावर बंदी आली. पाणी तोडले की रक्त आटते, हृदयाला अधिक धडधडावे लागते, घाम येईनासा होतो आणि अंगातील उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. 2024 साली पॅरिसला विनेश फोगाटने 50 किलो गटात एकाच दिवशी तीन लढती जिंकल्या, रात्रभर वजन उतरवण्यासाठी श्रम केले, आणि सकाळी काटा 100 ग्रॅम अधिक दाखवीत होता. तिची जिद्द आपण वंदनीय मानतो. पण देहाला एवढ्या कडेलोटावर नेणारी रीत वंदनीय मानण्याचे कारण नाही.

त्या मातेला मी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाने नोंदवलेली एक हकीकत सांगितली. त्या काळी चार दिवसांचे सरावचक्र असे : पहिल्या दिवशी तयारी, दुसऱ्या दिवशी पराकाष्ठेचे श्रम, तिसऱ्या दिवशी विसावा, चौथ्या दिवशी मध्यम मेहनत. गेरेनस नावाचा मल्ल ऑलिंपियात जिंकला. विजयोत्सवात त्याचे खाणेपिणे झाले, झोप झाली नाही. आखाड्यात आल्यावर त्याने आपली अवस्था प्रांजळपणे सांगितली. प्रशिक्षक संतापला, चक्र मोडायचे नाही, म्हणून त्याने त्याला कामाला जुंपले. त्या श्रमातच गेरेनसचा अंत झाला. ज्या चक्रात विसाव्याचा दिवस मुद्दाम राखलेला होता, तेच चक्र माणसाकडे न पाहता चालवल्याने प्राणघातक ठरले.

नियम माणसासाठी असतो, ही शिकवण आपल्याला नवी नाही. शब्बाथ माणसासाठी आहे, असे प्रभू येशूने सांगितले. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस मोजतानाही ख्रिस्तसभा त्यातील रविवार धरीत नाही. सर्वांत कडक व्रतातही तिने सहा दिवसांनंतर एक दिवस मोकळा ठेवला आहे. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे म्हणणारा पौल, देहाला लगाम घाला, असेही म्हणतो. मंदिर झाडावे, सारवावे, पण त्याच्या भिंती पाडू नयेत.

म्हणून त्या मातेला माझे उत्तर असे होते : मुलाला खेळापासून अडवू नका, पाण्यापासून तोडणाऱ्यांना अडवा. तो वरच्या वजनगटात खेळला तर कदाचित एखादे पदक हुकेल. प्रशिक्षकाला भेटा, डॉक्टरांचा सल्ला घ्या, वजन उतरवायचेच असेल तर ते महिन्यांच्या हिशेबाने, भरल्या ताटावर बसून उतरू द्या. आणि रविवारी त्याला झोपू द्या. मिस्सा संध्याकाळीही असते.

आपल्या घराघरांतून आज मुले-मुली ज्यूडो, कराटे, बॉक्सिंग शिकत आहेत, याचा मला आनंद आहे. त्यांच्या पदकांबद्दल आपण जरूर विचारावे. पण त्याआधी विचारावे : बाळा, जेवलास का? झोप झाली का?