मुलगा १

यवतमाळ जिल्ह्यातील एका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात शिपायाने कपाटाच्या माथ्यावरून लाल रुमालात बांधलेला एक गठ्ठा उतरवला आणि माझ्यापुढे आणून टाकला, तेव्हा आधी उठली ती धूळ, मग वाळवीचा भुसा, आणि ते सारे खाली बसल्यावर दिसले ते कोतवाल बुकाचे एक पान, ज्याच्यावर बोरूने ओढलेली मोडीची अखंड शिरोरेषा वावराच्या धुऱ्यासारखी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली होती.

पुतणीच्या प्रवेशाचे निमित्त नसते तर मी येथवर आलोच नसतो. जात पडताळणी समितीला अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लेखी पुरावा लागतो. आणि ज्या घरातील कोणी तोवर शाळेची पायरी चढले नव्हते, ज्यांच्या नावे हातभर जमीन नव्हती, त्यांनी असा पुरावा आणावा कोठून, तर जन्माला येणे आणि मरणे या दोनच प्रसंगी सरकारने त्यांची दखल घेतली होती, तेथून.

तसा वऱ्हाडचा कागद थोडाथोडका नाही. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी हा मुलूख कंपनीच्या हवाली केला. १८६४ साली आमच्या भागाचा निराळा जिल्हा झाला, त्याला पुढे वणी हे नाव पडले, कचेरी मात्र यवतमाळात बसली. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चे, आणि त्याच साली वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला, त्यामुळे एखाद्या पुसदकराला आपला पूर्वज यवतमाळच्या दप्तरात न सापडल्यास त्याने खचून न जाता वाशीमची वाट धरावी. १८७० साली आल्फ्रेड लायल या साहेबाने वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. हा गृहस्थ कवीही होता, हे ठाऊक असल्यामुळे मी ते जरा आशेने उघडले. परंतु आमच्यासारखा माणूस तेथे भेटतो तो जातीच्या एकवचनात, अमकी जात अशी असते आणि तमकी तशी, एवढाच.

पैमाशीच्या कागदांत तर माणसापेक्षा मातीला मान. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झालेल्या त्या मोजणीने एकेका वावराला सर्व्हे नंबर दिला, जमिनीचा पोत आणि खोली जोखून आकार बसवला, आणि खातेदाराच्या रकान्यात खातेदार आला. त्याच वावरात पाडव्याला साल धरून पुढल्या पाडव्यापर्यंत राबणारा सालदार मात्र कोणत्याच रकान्याचा धनी झाला नाही, कारण त्याच्याकडून सारा यायचा नव्हता. वसुलीसाठी केलेल्या लेखनात जो देणेकरी नाही तो नाहीच, यात साहेबाचा दुष्टावा शोधू नये. सावकाराची वहीही याच न्यायाने चालते, फरक इतकाच की तेथे आमचे नाव होते.

खापरपणजोबा ‘इजाऱ्यावर’ आला, एवढे मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होते. लहानपणी मला हे एखाद्या डोंगराचे नाव वाटे. पुढे कळले की वऱ्हाडातील पडीत जमिनींबाबत १८६५ साली नियम झाले, त्यांनुसार ओसाड मौजे मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आले आणि ते लागवडीस आणण्याचा भार इजारदारावर पडला. आजही या जिल्ह्यात कित्येक गावांच्या नावामागे ‘इजारा’ हे शेपूट आहे. त्याच सुमारास, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेत यादवी पेटलेली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि त्यामुळे वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव एकाएकी वधारला होता. १८६७ साली तर आगगाडी नागपुरापर्यंत पोचली. झाड तोडायला, धसकटे वेचायला, वखर धरायला, आणि सीतादही झाल्यावर कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला हात हवे होते. सातासमुद्रापलीकडे बंदुका सुटल्या आणि आमच्या घरची चूल एका गावातून उठून दुसऱ्या गावात मांडली गेली, हे अनुमान माझे. खापरपणजोबाला विचारले असते तर इजारदाराने दोन पायल्या ज्वारी जास्त कबूल केली म्हणून आलो, असे त्याने सांगितले असते.

इंग्लंडातला शेतमजूरही दरिद्रीच होता. परंतु तेथे १५३८ पासून प्रत्येक चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवण्याचा हुकूम होता, १८४१ पासून शिरगणतीत घरोघरच्या माणसांची नावे टिपली गेली आणि ते मूळ कागद जपलेही गेले, म्हणून तिकडचा एखादा गृहस्थ आपला पणजोबा कोणत्या खेड्यात जन्मला हे आज घरबसल्या काढू शकतो. आपल्याकडे बेरजा जमल्या की घरोघरचे तक्ते नष्ट होत. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ साली २८,९७,४९१ आणि १९०१ साली २७,५४,०१६, इतकी ती एकंपर्यंत शाबूत आहे. मधल्या दोन दुष्काळांनी ज्यांना नेले त्यांची नावे त्या आकड्यांना विचारायची सोय नाही. याहून विलक्षण गोष्ट मॉरिशसची. मुंबई बंदरातून जे मराठी मजूर गिरमिटावर तिकडे गेले, त्यांचा क्रमांक, बापाचे नाव, गाव, वय, अंगावरची खूण, आणि पुढेपुढे तर छायाचित्रसुद्धा पोर्ट लुईसच्या दप्तरात दाखल झाले. काळे पाणी ओलांडले असते तर खापरपणजोबाचे नाक कसे होते हे मला आज पाहता आले असते, असा एक अप्पलपोटा विचार त्या धुळीत बसल्या बसल्या माझ्या मनात येऊन गेला.

तेव्हा उरले ते कोतवाल बुक. गावचा कोतवाल, ज्याला स्वतःला बहुधा अक्षरओळख नसे, जन्ममरणाची खबर ध्यानात धरून ठेवी आणि लिहित्या माणसाकडून ती वहीत उतरवून घेई. मरणाच्या बाजूला रोगाच्या रकान्यात चारपाचच शब्द आलटूनपालटून फिरतात, ताप, हगवण, देवी, पटकी. त्यांतही ताप इतक्या वेळा की पुढेपुढे लिहिणाऱ्याने पहिला ‘ता’ काढून खाली नुसत्या आडव्या रेघा ओढल्या आहेत. पहिल्या खेपेस हाती आलेला रुमाल भलत्याच गावाचा निघाला, दुसऱ्या खेपेस साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या खेपेस मी सोबत एक मोडी जाणणारे वृद्ध गुरुजी नेले, कारण मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो आणि माझ्या डोळ्यांना तर अक्षराअक्षरातलाही दिसत नव्हता.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली, पोळ्याच्या सुमारास पणजोबा जन्मला, अशी घरची आठवण. गुरुजींचे बोट त्या दिवसांतून सावकाश खाली उतरत गेले आणि थांबले. खापरपणजोबाचे नाव, त्यापुढे ‘वल्द’, आणि वल्दपुढे त्याच्या बापाचे नाव, जे आमच्या घरात आज कोणालाही ठाऊक नव्हते. मग जात, मग मौजे, आणि अखेरच्या रकान्यात ‘मुलगा १’. मुलाचे नाव नाही. बारशाच्या आधीच खबर गेलेली असणार, आणि सरकारला तरी संख्येपलीकडे काय हवे होते! ज्याच्यासाठी मी तीन खेपा घातल्या तो अनामिकच राहिला, आणि ज्याची कल्पनाही नव्हती असा एक म्हातारा वल्दचा हात धरून घरात आला.

प्रमाणित नक्कल घेऊन मी आत्याकडे गेलो. हा ‘मुलगा १’ म्हणजे तिचा आजा, हे तिने शपथपत्रावर सांगायला हवे होते. ऐंशी ओलांडलेल्या आत्याने कागदावरचा गोल शिक्का बोटाने चाचपून पाहिला, मी वाचून दाखवलेले लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “अन् त्याच्या मायचं नाव कुठी हाये?”

“ते लिहिलं नाही, आत्या. तुला ठाऊक आहे का?”

“नाव मले नाही माहीत. आजा सांगे, सारं गाव तिले राळेगाववाली म्हणे.”

राळेगावच्या वहीत शोधू म्हटले तर तेथेही ‘मुलगी १’ एवढेच असणार. पण बापाचे नाव असेल, आणि त्यापुढे वल्द. गुरुजींना विचारले, तर बुधवार सोडून कोणत्याही दिवशी चालेल म्हणाले.