चढी पट्टी

कापूस काळा होताना बघून मला आनंद झाला होता, तिथूनच सुरुवात करतो.

१९८४ साल. मिरजेला तंबोरे-सतारी करणाऱ्या एका घरातून मला अब्दुल करीम खाँसाहेबांची लाखेची तबकडी मिळाली होती, भैरवीतली 'जमुना के तीर'. खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे ती तबकडी माझ्यापेक्षा बरीच वडीलधारी. एसटीत मांडीवर धरून ती फलटणला आणली. खरखर फार होती. ओळखीच्या कंपाउंडरकडून स्पिरिटची बाटली आणली, कापसाचा बोळा भिजवला आणि गोल गोल पुसायला लागलो. बोळा काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा. "बघ, पन्नास वर्षांची घाण निघतेय," मी बायकोला सांगितलं. सात-आठ बोळे संपले तेव्हा तिने विचारलं, "अहो, ही चमक का गेली?"

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी घाण नव्हे, खाँसाहेबच पुसून काढत होतो. लाकडाला पॉलिश करणारा कुठलाही सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजत घालतो, आणि आमच्या घरासमोर सुताराचं दुकान होतं. त्याला विचारायचं सुचलं नाही, कारण त्याला गाण्यातलं काय कळणार!

हे वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा येणार आहे. माझ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी तेच आहे.

मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात कारकून. जॅझचा आणि माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण मामा मुंबईत धोबीतलावला राहायचे आणि १९७८ साली मी त्यांच्याकडे गेलो असताना रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली होती. तिकिटाचे पैसे नव्हते. भिंतीबाहेर उभा राहून मी सॅक्सोफोन ऐकला. वाजवणारा सॉनी रोलिन्स होता हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की हा माणूस एक तुकडा घेतो, उलटा करतो, मोडतो, पुन्हा जोडतो, आणि आमच्याकडचे गवई बंदिशीच्या मुखड्याचं जे करतात ते याहून फार वेगळं नाही. ती ओढ खरी होती. पुढचा सगळा शहाणपणा मात्र मी छापील मजकुरातून गोळा केला, कव्हरांवरच्या टिपा आणि जुनी मासिकं वाचून. वाचलेलं माणूस जोरात बोलतो. मीही बोलायचो.

मामांच्याच इमारतीत एक गोव्याचे वृद्ध गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना अंकल म्हणत. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांनी आयुष्यभर ट्रम्पेट वाजवला होता. आता खोली सोडून ते गावी निघाले होते. मला रेकॉर्डचं वेड आहे हे मामांनी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी खाटेखालून एक खोकं ओढलं. साठ-सत्तर तबकड्या असतील. "घेऊन जा, काय द्यायचं ते दे." मी एकेक काढून लेबल वाचत बसलो. लुई आर्मस्ट्राँगची एक बाजूला ठेवली, ड्यूक एलिंग्टनची एक ठेवली. बाकीच्या जवळजवळ सगळ्या मुंबई-कलकत्त्याच्या नाचाच्या बँडांच्या होत्या, लेबलावर गोव्याची नावं. मी त्यांच्यासमोरच मामांना म्हणालो, "इथल्या लोकांनी केलेली नक्कल कशाला घ्यायची?"

अंकलना मराठी उत्तम येत होतं. "तुमची मर्जी," एवढंच म्हणून त्यांनी खोकं परत आत सरकवलं. त्यातल्या काही तबकड्यांवर ट्रम्पेट त्यांचाच होता, हे मामांनी मला एसटी स्टँडवर सोडताना सांगितलं. परत जाता आलं असतं. गाडी लागली होती, असं कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला देत राहिलो.

आपण कशाला नाही म्हणालो हे मला खूप उशिरा कळलं. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे मुंबईच्या जॅझवरचं पुस्तक हातात पडलं तेव्हा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय बँडमास्तर आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग आणखी वादक आले, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याची पोरं हे संगीत शिकली. चर्चच्या शाळांमुळे त्यांना स्वरलेखन वाचता यायचं, कान तयार होतेच. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले आणि त्यांना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांना हाताशी घेतलं. १९५१ सालच्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर दिसतात. भगवानदादांच्या पायांवर शिट्ट्या मारणाऱ्या फलटणच्या प्रेक्षकाने जॅझ माझ्या कितीतरी आधी ऐकला होता. त्याला नाव माहीत नव्हतं आणि अडलंही नव्हतं. मी मात्र अमेरिकेच्या शिक्क्यासाठी फोर्टच्या फुटपाथवर अर्धा पगार मोजत होतो.

त्या फुटपाथवरच १९८६ साली मला माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' मिळाली. जुनी, परदेशात छापलेली प्रत. शनिवारी रात्री आमच्या घरी बैठक असायची. दोन शिक्षक, एक जनावरांचे डॉक्टर, एक औषध दुकानदार आणि पेटीमास्तर. मास्तर राममंदिरात भजनाला साथ करायचे, पोरांना पेटी शिकवायचे. शिक्षण सातवी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी रेकॉर्ड लावण्याआधी वीस मिनिटं बोललो. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता, तिथे १९५९ साली हे ध्वनिमुद्रण झालं. वादकांपुढे पूर्ण लिहिलेलं काही नव्हतं, माइल्सने फक्त सुरावटींचे आराखडे दिले होते, असं पियानोवाल्या बिल एव्हान्सने कव्हरवर लिहून ठेवलंय. हे सगळं बरोबरच होतं. चुका माहितीत नसतात, हे एक वाईट असतं.

पहिली बाजू लागली. मास्तरांनी पेटी सोबत आणली होती. भाता हळूच हलवत त्यांनी सूर चाचपले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "हा तर काफी. मधेच अर्ध्या सुराने वर चढतात आणि परत खाली येतात." अगदी अचूक. पाश्चात्त्य लोक त्या सुरावटीला डोरियन म्हणतात, तीच आपल्या काफी थाटाची. मी कौतुकाने मान हलवली, शिक्षक हलवतो तशी. पण मास्तर थांबले नाहीत. "पट्टी लागत नाही पण. पांढरी दोन धरली तर माझी पेटी खाली राहते, काळी दोन धरली तर वर जाते. हे मधेच कुठेतरी वाजवताहेत."

मी हसलो. "मास्तर, याला ब्लू नोट म्हणतात. त्या लोकांचे सूर असे मधल्या जागीच असतात. पेटीला ते कसे सापडणार?" बैठक हसली.

बाजू उलटली. मास्तरांनी पुन्हा भाता धरला. "ही नीट लागते. पांढरी पाच." मग जरा वेळाने, कुणाला न सांगता सांगितल्यासारखं, "मशीन तेच, पेटीही तीच. खोट त्या बाजूत आहे."

इतकं स्वच्छ तर्कशास्त्र त्या खोलीत आधी किंवा नंतर कुणी मांडलं नाही. आणि मी काय केलं? पुढच्या शनिवारी वेग तपासायची रेघांची चकती आणली, ट्यूबलाइटखाली फिरवून दाखवली. रेघा जागच्या जागी स्थिर. "बघा, मशीन बिनचूक आहे!" मशीन बिनचूक नाही असं मास्तर म्हणालेच नव्हते. त्यांनी चकतीकडे पाहिलं, चहा घेतला आणि नंतर हळूहळू यायचं बंद केलं. रथोत्सवाची गडबड आहे, शिकवण्या आहेत, असं कळायचं. मी ते खरं मानलं, कारण सोयीचं होतं.

१९९८ साली अमेरिकेतून आलेल्या भाच्याने त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी आणली. लावली, आणि पहिली बाजू मला मरगळलेली वाटली, किंचित खालची, संथ. मी लगेच निकाल दिला, "डिजिटलमध्ये जीव राहत नाही बाबा. अस्सल ते अस्सल." भाचा म्हणाला, "मामा, उलट आहे. तुमचीच रेकॉर्ड पळतेय."

मग त्याने सांगितलं. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य टेपयंत्र जरासं हळू चाललं होतं. हळू घेतलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की सूर चढतात. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक होती. २ मार्चला जोडीला दुसरं यंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता, पण त्याची टेप वापरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२ साली. तेहतीस वर्षं जगभर लोकांनी चढी पट्टी ऐकली. किती वादक त्या रेकॉर्डसोबत वाजवायला बसले असतील आणि आपलंच वाद्य पुन्हा पुन्हा जुळवत राहिले असतील!

मी दोन्ही बाजू बारा वर्षं ऐकल्या होत्या. फरक मला कधीच ऐकू आला नव्हता, आणि ज्याला आला त्याला मी गप्प केलं होतं.

मास्तरांकडे जायला मला आणखी दोन महिने लागले. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दोन दिवसांवर आली होती, विमानतळावर तळाची तयारी चालू होती, आणि मास्तर ओसरीवर पेटी उघडून सूर साफ करत बसले होते. मी सगळं सांगितलं, तारखांसकट. पुन्हा भाषणच झालं ते. त्यांना तो शनिवार आठवत नव्हता. मला खोटं वाटलं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग कंपनीने लोकांना पैसे परत दिले का?"

नाही म्हणालो. ते हसले आणि पुन्हा ब्रशने धूळ झटकायला लागले. मी त्यांना संध्याकाळी या म्हणालो. आले. मी रेकॉर्ड लावली आणि तोंड मिटून बसलो, हे मला अवघड गेलं. पहिली बाजू चालू असताना त्यांनी पेटीला हात लावला नाही.

अंकल मात्र पुन्हा भेटले नाहीत. त्यांचं खोकं गोव्याला गेलं की वाटेत रद्दीवाल्याकडे, मामांनाही ठाऊक नव्हतं. मुंबईच्या जुन्या नाचाच्या बँडांच्या तबकड्या, लेबलावर गोव्याची नावं असलेल्या, तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या माळ्यावर असतील तर मला कळवा. किंमत तुम्ही सांगाल ती. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नका, एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. आणि फार खरखरत असल्या तरी मी येईपर्यंत स्पिरिट लावू नका.